गाळप वाढवण्याआधी जमिनीची धारणक्षमता मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साखर कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला पाच हजार टन किंवा त्याहून जास्त न्यायची असेल, तर २००६च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. धूर, राख, सांडपाणी यांची तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र शेती त्या अधिसूचनेच्या यादीत नाही. वाढीव गाळपाचा ऊस ज्या रानांत उभा राहणार, त्या रानांना तो भार पेलवेल का, म्हणजेच त्यांची धारणक्षमता किती, हे आधी कोण पाहणार?

आपल्या पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दौंड, बारामती, इंदापूरला जेमतेम पाचशे. उसाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. पाचशे मिलिमीटर पाऊस थेंबन् थेंब मुरला, तरी पन्नास लाख लिटरच होतात. उरलेले पाटाचे, नाहीतर विहिरी-बोअरचे. आपला काळा पाषाण पाणी धरतो तो फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात.

पाण्यापेक्षाही मला काळजी आहे ती मातीची. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि १९२०च्या दशकात इंग्रज अभियंते त्याच पट्ट्यातील पाणथळ, क्षारपड जमिनींचा अभ्यास करत होते. म्हणजे धडा शंभर वर्षे जुना आहे. भारी काळी जमीन, खाली निचरा नाही आणि वर बारमाही पाट, अशा ठिकाणी जमिनीतले पाणी वर चढते, उन्हाने उडते आणि क्षार मागे राहतात. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता, म्हणजे तिच्यातल्या क्षारांचे माप, १.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उसाचे उत्पादन घटू लागते. रानात मीठ फुटलेले दिसते ते बऱ्याच नंतर. कृषी खात्यात असताना मी कितीतरी वेळा पाहिले, की टनेज घटले म्हणून शेतकरी युरियाचे आणखी एक पोते टाकतो, खरी गरज असते ती निचऱ्याचे चर काढण्याची.

जिल्ह्याची सरासरी काढून हे कळणार नाही. एकाच शिवारात ओढ्याकाठी दोन मीटर काळी माती असते आणि माळावर वीतभर मातीखाली मुरूम. मातीची खोली, निचरा, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि पाणलोटात मुरणारे व उपसले जाणारे पाणी हे सगळे गावनिहाय एकत्र मांडावे लागेल. मृदा सर्वेक्षणाचे नकाशे आहेत, पुण्यातच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, २०१५पासून मृद आरोग्य पत्रिकाही आहेत. पण पत्रिका खताची मात्रा सांगते. गावाने किती ऊस लावावा, हे ती सांगत नाही.

ठिबकने पाणी वाचते हे खरेच. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला, तर भार होता तेवढाच राहतो. यात शेतकऱ्याला दोष देणे मला मुळीच मान्य नाही. उसाला एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर) आहे आणि घ्यायला कारखाना आहे. रब्बी ज्वारीला, हरभऱ्याला अशी खात्रीची खरेदी मिळाली, तर तोच शेतकरी पीक बदलेल.

गाळप विस्ताराच्या प्रत्येक प्रस्तावासोबत कार्यक्षेत्रातील गावांचा धारणक्षमता अहवाल सक्तीचा करावा. तो मराठीत असावा, ग्रामसभेपुढे वाचला जावा आणि त्यातील उसाच्या क्षेत्राची मर्यादा परवान्यात लिहिली जावी.

– एक वाचक (निवृत्त कृषी पर्यवेक्षक), हडपसर, पुणे