सूचना : फ्लोरिडा सहल आणि अ‍ॅलिगेटर

सभासदहो, फ्लोरिडाला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांना हे वाचून दाखवा.

तिथल्या सर्व 67 काउंटींमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) अ‍ॅलिगेटर, म्हणजे मगरीच्या जातकुळीतले प्राणी, आहेत. गोल्फ कोर्सच्या डबक्यातसुद्धा. ‘पोहू नका’ अशी पाटी दिसली तर पाळायचीच, पण पाटी नाही म्हणजे पाणी निर्धोक, असं समजू नका. पोहायचं ते फक्त ठरवून दिलेल्या जागी आणि दिवसाउजेडी. तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत हा प्राणी जास्त सक्रिय असतो. पाण्यावर नाकपुड्या आणि डोळे एवढंच दिसतं, ओंडका समजून माणूस फसतो. काठावर पडलेला अ‍ॅलिगेटर फुत्कारला, तर तुम्ही फार जवळ गेला आहात, मागे फिरा. सेल्फी राहू द्या!

मुलांचा हात सोडू नका. कुत्रा आणलात तर काठापासून लांब, पट्ट्यावरच. अ‍ॅलिगेटरला तो भक्ष्यच वाटतो.

अ‍ॅलिगेटरला खायला घालणं तिथे गुन्हा आहे. त्याने माणसाची भीती मोडते, आणि मग शेवटी जीव बहुधा त्या प्राण्याचाच जातो. उरलेले मासेही पाण्यात टाकू नका.

धोकादायक अ‍ॅलिगेटर दिसल्यास राज्याच्या वन्यजीव खात्याची हेल्पलाइन : 866-392-4286.