आवाहन : पाटीवरच्या आकड्यांना नावं द्यायचीत, छपाईला हातभार लावा

सप्रेम नमस्कार मंडळी,

आधी कामाचं बोलतो, नाहीतर शेवटपर्यंत कोणी वाचत नाही हा अनुभव आहे. १६ डिसेंबर, विजय दिवस, त्या संध्याकाळी आपल्या मंडळाचं शहीद स्मरण काव्यवाचन आहे आणि यंदा त्यातल्या कवितांचं पुस्तक काढायचं ठरलंय. कविता भरपूर आल्यात. प्रेसवाल्या काकांनी कागदाचे पैसे आगाऊ मागितलेत (त्यांचं काही चुकत नाही, आपल्या पत्रिका इतकी वर्षं फुकट छापतायत) आणि मंडळाच्या खात्यात जे काय आहे त्यात मुखपृष्ठसुद्धा निघत नाही.

आता हे पुस्तक कशाला, व्हॉट्सॅपवर पीडीएफ टाका की, असं मागच्या मीटिंगला कोणीतरी म्हणालं. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे बऱ्याच गावांत चावडीवर नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते, बघितली असेल. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके लोक गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बस एवढंच. आकडा आहे, नाव एक पण नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी हे फौजींचं गाव सगळ्यांना माहितीये, तिथल्या ४६ जणांनी त्या युद्धात जीव दिला. आणि हे फक्त गावातच झालं असं नाही. तिकडे इराकमध्ये बसऱ्याला ४० हजारांहून जास्त सैनिकांचं स्मारक आहे, मेसोपोटेमियात पडलेल्यांचं, त्यात आपल्या मराठा पलटणींची पोरं खूप. तिथल्याच कूत शहराच्या वेढ्यात १९१६ साली उपाशी राहून शरण जावं लागलं त्या फौजेत तीन मराठा पलटणी होत्या. तर त्या बसऱ्याच्या भिंतीवर गोऱ्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांची नावं कोरली, आपल्यातले जमादार सुभेदार पण आले, आणि साध्या भारतीय शिपायांचा पलटणीच्या नावापुढे नुसता आकडा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने (ही युद्धस्मारकं सांभाळणारी संस्था) २०२१ मध्ये या भेदभावाची जाहीर माफी मागितली, म्हणजे शंभर वर्षांनी. नावं कागदोपत्री होती हो, बऱ्याच जणांचं बापाचं नाव, गाव, तालुका सगळं. फक्त दगडावर घेतली नाहीत.

आपले सुभेदार साहेब (नाव छापू नका म्हणून दम दिलाय, पण पेन्शनर सुभेदार आपल्या ग्रुपवर कितीसे आहेत!) यांनी पहिल्या वर्षी ध्वजवंदनानंतर चहा पिता पिता हेच बोलून दाखवलं होतं, की दगडाने नाव घेतलं नाही तर निदान तोंडाने घ्या. सगळं तिथून सुरू झालं. तेव्हा हॉल मिळेना, माईक मिळेना, तर मुख्याध्यापिका बाईंनी शाळेचा वर्ग उघडून दिला, स्वतः झाडून घेतला आणि पहिली कविता पण त्यांनीच वाचली. बाईंचा आवाज कापत होता, पण एकेक नाव इतकं स्पष्ट घेतलं की मागच्या बाकावरची पोरं गप्प झाली. दुसऱ्या वर्षी स्टेशनरीवाल्या दादांनी वह्या दिल्या, मेडिकलवाल्या वहिनींनी सगळ्यांचा चहा केला आणि अजून बिल दिलं नाही, मागितलं तर रागावतात. शाहीर काकांनी गुडघा दुखत असताना उभं राहून नायक यशवंत घाडग्यांचा पोवाडा म्हटला, स्वतः रचलेला. माणगावकडचा २२ वर्षांचा पोरगा, १० जुलै १९४४ ला इटलीत सेक्शनमधले बाकी सगळे पडल्यावर मशीनगनच्या ठाण्यावर एकटा चालून गेला, ते ठाणं घेतलं आणि मग शत्रूच्या स्नायपरने त्याला टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. काकांनी बिदागी म्हणून नारळ घेतला फक्त. या सगळ्यांचं ऋण मंडळ विसरणार नाही, आणि पुस्तकात पहिलं पान त्यांनाच आहे, कोणी काही म्हणो.

पोवाड्याचं काय असतं बघा, तानाजीचा पोवाडा कोणीतरी डफावर म्हणत राहिलं म्हणून ऐंशी वर्षांचा शेलारमामा आज शाळकरी पोराला पण माहितीये. बखर कोण वाचतंय? आणि आपल्या आज्या जात्यावर ओवी म्हणायच्या त्यात पण भावाचं, लेकाचं नाव घालून म्हणायच्या. वीरगळावर, म्हणजे पडलेल्या वीराच्या आठवणीच्या कोरीव दगडावर, लढाई दिसते, अप्सरा दिसतात, वर शिवलिंग, चंद्रसूर्य दिसतात, पण बहुतेकांवर एक अक्षर नसतं, तो कोण होता हे गाव विसरलं की संपलं. म्हणून आमचा हट्ट आहे की कवितेत नाव आलंच पाहिजे.

इथे थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आलेल्या कवितांत निम्म्याहून जास्त "धन्य तो वीर जवान" छापाच्या आहेत. रक्ताचे पाट, तिरंग्याची शान, सिंहाची छाती. भावना खरी असणार, पण ती कविता कोणालाही लागू होते, म्हणजे कोणालाच होत नाही. आणि एक कविता आली नववीतल्या मुलीची, तिच्या चुलत आजोबांवर, १९७१ ला गेलेले. सगळी कविता एका काळ्या पत्र्याच्या पेटीवर आहे. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव, आतमध्ये दाढीच्या ब्लेडचं न फोडलेलं पाकीट, आणि घरात आता त्या पेटीत तांदूळ ठेवतात, आजी दर वेळी तांदूळ काढताना झाकण पदराने पुसते. एवढंच लिहिलंय पोरीने, शहीद हा शब्द पण नाही. सुभेदार साहेब वाचून उठून बाहेर गेले. तर असं लिहा. नमुना म्हणून माझ्याच दोन ओळी देतो, हसायचं असेल तर हसा:

बसऱ्याला गेला बाई, माझ्या गं सखूचा धनी
पाटीवर आकडा झाला, नाव विचारंना कुणी

आता जरा मनातलं. मागच्या वर्षी खुर्च्या भाड्याने आणल्या आणि अर्ध्या रिकाम्याच परत गेल्या. त्याच दिवशी पलीकडे एका वाढदिवसाला डीजे होता, तिथे गर्दी कमी नव्हती, आपलेच लोक होते. २६ जानेवारीला स्टेटस सगळ्यांचे असतात, डीपी तिरंगा होतो, छान वाटतं, पण वर्गणीचं नाव काढलं की "बघतो" आणि निळ्या टिका. एका बड्या माणसाने स्टेजवर मोठा आकडा जाहीर केला, टाळ्या घेतल्या, फोटो पण छापून आला, पैसे अजून यायचेत. नाव घेत नाही. त्यांना आठवण राहील अशी आशा आहे. सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते एका वीरपत्नी आजींचं, त्या पहिल्या रांगेत शालीत बसून होत्या आणि मागे वळून वळून बघत होत्या कोण येतंय का ते. यंदा तसं व्हायला नको.

कोणीतरी विचारलं की ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी दिला, आता परत कशाला. तो निधी सरकारी आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो, तो जरूर द्या, तो आधी द्या. हा वेगळा आहे, फक्त छपाई आणि त्या संध्याकाळचा खर्च.

तर मदत अशी: एका पानाचा खर्च ५०० रुपये धरलाय, एक घर एक पान घेऊ शकतं, दोन घरांनी मिळून घेतलं तरी चालेल, शंभर रुपये पण चालतील. रोख मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी ६ ते ८, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका, क्यूआर ग्रुपवर पिन केलाय, पैसे पाठवल्यावर नाव टाका नाहीतर हिशेबाला त्रास होतो, खजिनदार चिडतात. ८०जी (देणगीवरची करसवलत) नाही आपल्याकडे, विचारू नका. कविता ३० नोव्हेंबरपर्यंत, एका पानाच्या आत, सैनिकाचं नाव, गाव, पलटण, साल खाली लिहा, घरच्यांना विचारूनच लिहा, टाईप करता येत नसेल तर कागदाचा फोटो चालेल पण सरळ काढा. स्वतःची पाहिजे, गूगलवरून उचललेली लगेच कळते.

पैसे शक्य नसतील तर माणूस द्या. दोन घरांतून जुनी मोडी पत्रं मिळालीत, फ्रंटवरून आलेली, ती वाचणारं कोणी पाहिजे, कोणाचे आजोबा, ओळखीचे तलाठी, कोणीही. म्हाताऱ्या माणसांकडे बसून ऐकून लिहून घेणारी दोन-चार कॉलेजची पोरं पाहिजेत, गाडीत पेट्रोल मंडळ घालेल. शाहीर काकांना यंदा तुणतुण्याची साथ लागणार आहे, आधीचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला.

आणि घरातल्या कोणाचं नाव राहिलं असेल, लढाई कुठलीही असो, १९१५ ची, ६२ ची, ६५ ची, कारगिलची, नुसतं नाव आणि गाव पाठवलं तरी चालेल, कविता करणारं माणूस आपण शोधू.

कळावे, लोभ आहेच, तो जरा पाकिटातून पण दिसू दे.

आपला,
सचिव
(खजिनदारांचा निरोप: मागच्या वर्षीच्या पावतीपुस्तकांपैकी दोन अजून परत आलेली नाहीत, ज्यांच्याकडे आहेत त्यांनी या आठवड्यात आणून द्यावीत.)