तिवईवर बसलेला माणूस

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास की ‘कागेमुशा’ निम्म्यातच बंद केलास, कारण लढाईचा चित्रपट म्हणून लावला आणि माणसे नुसती बसलेली दिसली. त्या बसण्याविषयीच लिहायला घेतले आहे.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा हा चित्रपट १९८० सालचा. ताकेदा शिंगेन हा जपानमधला बलाढ्य सरदार १५७३ मध्ये मरतो, मृत्यूची बातमी तीन वर्षे बाहेर फुटू देऊ नका असे बजावून जातो, आणि मृत्युदंडातून वाचवलेला एक चोर, हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो एवढ्यावर, त्याच्या जागी बसवला जातो. दोन्ही भूमिका तात्सुया नाकादाई यांच्याच आहेत.

रात्रीच्या लढाईत या चोराला टेकडीवर तिवईवर बसवतात आणि ताकीद एकच देतात, की हलायचे नाही. शिंगेनच्या निशाणावर वारा, वन, अग्नी आणि पर्वत यांची वचने होती, आणि न हलणारा पर्वत म्हणजे शिंगेन स्वतः. अंधारातून गोळ्या येऊ लागतात तेव्हा अंगरक्षक त्याच्यापुढे आडवे होऊन मरतात. काल ज्याला कोणी दारात उभे केले नसते, त्याच्यासाठी आज माणसे जीव देत आहेत, हे तो उघड्या डोळ्यांनी पाहतो. माझ्या मते सोंग तिथेच संपते. १६६० मध्ये पन्हाळ्यावरून महाराजांच्या वेषात पालखीत बसून निघालेल्या शिवा काशीदांची गोष्ट मी तुला लहानपणी सांगत असे. आपण कोणासाठी मरतो आहोत हे त्यांना आधीपासून ठाऊक होते, या चोराला ते सोंग वठवता वठवता उमगते.

पुढे शिंगेनचा घोडा त्याला पाडतो, अंगावर जुन्या जखमेचा व्रण नाही हे उघड होते आणि त्याला हाकलून दिले जाते.

१५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत शिंगेनचा मुलगा कात्सुयोरी आपले घोडदळ शत्रू सरदार ओदा नोबुनागाच्या बंदुकांवर घालतो. बार ऐकू येतात, पण कोसळणारी माणसे कुरोसावा दाखवत नाहीत. दाखवतात ते पाहणाऱ्यांचे चेहरे, आणि मग एकदम ते मैदान, जिथे घोडे उठू पाहतात आणि पुन्हा पडतात. हाकललेला चोर आडोशाने हे सारे पाहत असतो. त्याला कोणी बोलावलेले नाही, तरी भाला उचलून तो एकटाच बंदुकांच्या दिशेने धावतो, आणि शेवटी नदीच्या पाण्यात पडलेल्या त्या निशाणाजवळून त्याचे प्रेत वाहत जाते.

तू घरी आलास की आपण दोघे तो पहिल्यापासून पाहू. तिवईचा प्रसंग आला की लढाईकडे नको, त्याच्या चेहऱ्याकडे पाहा.

तुझे,
बाबा