रेसिपीखाली दोन-चार ओळी जास्त छापा

मा. संपादक,

तुमच्या पुरवणीतल्या रेसिपी मी आवडीने वाचते, कात्रणं पण काढून ठेवते, पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून आज लिहितेय. साहित्य दिलेलं असतं, किती चमचे, किती वाट्या, गॅस मंद की मोठा, सगळं असतं, पण त्यातली एकेक वस्तू मुळात येते कुठून याबद्दल एक अक्षर नसतं. लहान मुलांना विचारा बटाटा कुठून येतो, दुकानातून म्हणतील. आपण मोठे फार तर शेतातून म्हणू, आणि तिथेच गाडी थांबते.

म्हणून विनंती आहे की प्रत्येक रेसिपीखाली एका जिन्नसाबद्दल दोन-चार ओळी द्या. मूळचा कुठला, आता कुठे पिकतो, कोण पिकवतं, एवढंच. बऱ्याच घरांत सगळे एकत्र बसायची वेळ आता जेवणाचीच उरलीय आणि तेव्हा बोलणं काय, तर मीठ कमी झालंय, अभ्यास झाला का, आणि मग जो तो मोबाईलमध्ये. बोलायला विषय नसतात असं नाही, समोर ताटात वाढलेले असतात.

बटाट्याचंच घ्या. हजारो वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या भागात लोकांनी तो लावायला सुरुवात केली, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला आणि पुढे आयर्लंडमधली गरीब घरं जवळजवळ एकट्या बटाट्यावरच जगायला लागली, त्यातही बहुतेक ठिकाणी एकच जात. १८४५ मध्ये त्यावर रोग पडला, पीक शेतातच सडलं आणि पुढच्या काही वर्षांत उपासमारीने आणि साथींनी सुमारे दहा लाख माणसं गेली, तेवढीच किंवा त्याहून जास्त देश सोडून निघाली. त्याच काळात आयर्लंडमधून बाकीचं धान्य बाहेर पाठवलं जात होतं हे वाचलं की आजही राग येतो. एकाच पिकावर, एकाच जातीवर सगळं सोपवलं की काय होतं हे मुलांना यापेक्षा नीट कसं सांगणार?

मिरचीचंही तसंच. तिखटाशिवाय ज्यांचा घास उतरत नाही अशा आशियातल्या कितीतरी लोकांच्या पूर्वजांनी १४९२ च्या आधी मिरची पाहिलीसुद्धा नव्हती, ती अमेरिकेतून आली.

आणि व्हॅनिला. केक आणि आइस्क्रीममुळे मुलांच्या सगळ्यात ओळखीचा वास. ही मूळची मेक्सिकोकडची वेल. बाहेर नेली तर फुलं यायची पण शेंगा धरायच्या नाहीत, कारण तिथले परागीकरण करणारे कीटक दुसरीकडे नव्हते. फूल उमलतं तेही जेमतेम एक दिवस. शेवटी १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एदमों आल्बियूस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने एक बारीक काडी आणि अंगठा वापरून हाताने परागीकरण करायची सोपी पद्धत शोधली. त्यावर जगभर मोठा धंदा उभा राहिला, मादागास्करमध्ये आजही एकेक फूल असंच हाताने फळवतात, आणि तो मुलगा? १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा स्वतंत्र झाला आणि १८८० मध्ये गरिबीतच वारला. बारा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा, तो ऐकतो की नाही.

चॉकलेटचं सांगणं जास्त अवघड आहे पण टाळू नये असं मला ठामपणे वाटतं. जगातला अर्ध्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो आणि तिथल्या मळ्यांवर आजही लहान मुलं कोयते घेऊन राबतात, कारण शेतकऱ्याच्या हातात येणारे पैसे इतके कमी असतात की मजूर लावणं परवडत नाही. हे मुलांना घाबरवण्यासाठी सांगायचं नाही, पण त्यांच्याच वयाची मुलं आहेत ती, हे कळायला हवं.

पाकिटावर वाचून समजेल म्हणावं तर ते नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे पहिलं नाव साखरेचं असेल तर त्यात साखरच सगळ्यात जास्त, एवढं तरी कळतं (हे पण खूप जणांना माहीत नसतं), पण पीक कुठलं ते बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, पत्ता असतो तो बनवणाऱ्याचा नाहीतर पॅक करणाऱ्याचा. नियम केले तर होतं सगळं. युरोपियन युनियनमध्ये डिसेंबर २०१४ पासून पाकिटावर नुसतं वनस्पती तेल लिहून भागत नाही, पाम की सूर्यफूल की आणखी कुठलं ते सांगावं लागतं. तोपर्यंत तेलाच्या नावाखाली काय खातोय हे तिथल्या घरांनाही धड कळत नव्हतं.

कोणी म्हणेल, स्वयंपाक करणाऱ्याला आधीच श्वास घ्यायला वेळ नाही, त्यात हे कुठे वाचत बसणार. बरोबर आहे, म्हणूनच ते तिने किंवा त्याने वाचूच नये. एकजण ओट्याशी उभा असताना बाकीचे बसलेलेच असतात ना, त्यांच्यातल्या कोणीतरी मोठ्याने वाचावं, तेवढाच त्यांचा स्वयंपाकघराशी संबंध येईल.

तेव्हा जागा नाही म्हणू नका, फोटो थोडा लहान करा. सुरुवात मिठापासून करा असं सुचवते. ते प्रत्येक घरात असतं, कुठे समुद्राच्या पाण्यापासून करतात तर कुठे खाणीतून काढतात, आणि त्यात आयोडीन घालायची सुरुवात १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने केली कारण तिथल्या डोंगराळ भागात गलगंडाने घरंच्या घरं त्रासलेली होती. पहिल्या आठवड्याला एवढं पुरे.

आपली,
एक नियमित वाचक