आम्ल तेवढंच राहतं

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आयुष्यभर लोकांचे जमाखर्च तपासणारा तू, आणि ‘आम्लाच्या 30 टक्क्यांच्या 200 मिली द्रावणात किती पाणी घातलं म्हणजे ते 12 टक्क्यांचं होईल’ हे लेकीला सांगताना तुला घाम फुटला, हे वाचून जाम हसलो. माझा जन्म कॉलेजच्या लॅबमध्ये आम्लं डायल्यूट करण्यात गेला, तेव्हा विचारलंस ते योग्य माणसाला.

तिला लगेच x मांडू देऊ नकोस. आधी विचार, यात न बदलणारं काय आहे? पाणी घातलं की पाणी वाढतं, एकूण वाढतं, टक्के उतरतात. आम्ल मात्र होतं तेवढंच राहतं. 200 मिली द्रावण 30 टक्क्यांचं, म्हणजे आम्ल 60 मिली. आता हेच 60 नव्या द्रावणाचे 12 टक्के व्हायला हवेत. मग एकूण झालं 500 आणि पाणी घालायचं 300. एवढं तोंडी जमलं की मग लिहायला लाव:

0.30 × 200 = 0.12 × (200 + x)

बरीच मुलं कंसाऐवजी नुसता x ठेवतात आणि 500 लिटर... चुकलो, मिली पाणी ओतून मोकळी होतात! x म्हणजे घातलेलं पाणी की झालेलं एकूण, हे पहिल्याच ओळीत शब्दांत लिहायची सवय लाव. पाणी आटवायचं असेल तर कंसात वजा, बाकी हिशेब तोच. समुद्राच्या 1000 किलो पाण्यात क्षार साधारण 35 किलो. मिठागरात ते 25 टक्क्यांवर आणायचं तर उरेल 140 किलो, बाकीचं 860 किलो पाणी उन्हानं न्यायचं.

दोन द्रावणं मिसळायची असली की क्लासवाले तिरक्या रेघा मारून गुणोत्तर काढायला शिकवतात. 10 आणि 40 टक्क्यांच्या द्रावणांपासून 600 मिली 20 टक्क्यांचं हवं, तर 400 आणि 200. उत्तर चटकन येतं, पण का आलं ते मुलांना सांगता येत नाही. समीकरण पक्कं होईपर्यंत त्या रेघा तिला दाखवू नकोस.

आता माझं जुनं दुखणं. पुस्तकातली गणितं खुशाल आम्लात पाणी ओततात. लॅबमध्ये संहत सल्फ्युरिक आम्लात कुणी पाणी ओतायला लागला तर मी हात धरतो. उष्णता एवढी निघते की ते उसळून अंगावर येतं. आम्ल पाण्यात घालायचं, तेही हळूहळू, ढवळत.

दुसरं म्हणजे ती 200 + x ची बेरीज. 50 मिली शुद्ध अल्कोहोल आणि 50 मिली पाणी एकत्र करून मोजपात्रात बघ, 100 भरत नाही. 96-97 वरच थांबतं, कारण रेणू एकमेकांत दाटीनं बसतात. म्हणून आम्ही ‘एवढं पाणी घाला’ म्हणत नाही, ‘पाण्यानं खुणेपर्यंत भरा’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेचं सॅनिटायझरचं सूत्रही तसंच आहे: 96 टक्क्यांचं इथेनॉल 8333 मिली, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, थोडं ग्लिसरॉल, आणि पाण्यानं 10 लिटर पुरे करा. 8333 ला 0.96 नं गुण, 8000 येतात. म्हणजे 80 टक्के. बघ, बेरीज दगा देते, पण आतलं इथेनॉल धरून चाललं की हिशेब चुकत नाही. वजनानं मोजलंस तर बेरीजही दगा देत नाही.

लेकीसाठी एक गणित धाडतो. 40 लिटरच्या कॅनमध्ये निव्वळ दूध आहे. त्यातलं 4 लिटर काढून तेवढंच पाणी घातलं. मग त्या मिश्रणातलं 4 लिटर काढून पुन्हा पाणी, आणि आणखी एकदा तसंच. दूध किती उरलं? 28 म्हणाली तर तू काही बोलू नकोस, दुसऱ्या खेपेला काढलेल्या 4 लिटरमध्ये दूध किती होतं एवढंच विचार. उत्तर कळव, आणि तू स्वतः सोडवलंस तर तुझंही वेगळं कळव.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
लॅबवाला