मंत्रीसाहेब, पोरींची चित्रं पत्र्याखाली कुणी टाकली?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत चित्रकलेचे क्लास घेते. गेल्या शनिवारी आमच्या मुलींच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, हॉलचं भाडं भरलेलं, पावती हातात, आणि आदल्या रात्री फोन की एका पुढाऱ्याचा वाढदिवस आहे, हॉल खाली करा. आम्ही पोचेपर्यंत चित्रं काढून मागच्या पत्र्याखाली टाकलेली. नववीतल्या एका मुलीनं मोठ्या बहिणीला स्टुलावर बसवून चित्र काढलं होतं, पोस्टर कलरमधे. पावसाच्या झडीनं त्या बहिणीच्या गालाचा रंग ओघळून पार ओढणीत उतरला होता. पोरगी रडली पण नाही हो, नुसती बघत राहिली.

ह्या मुलींना मी चित्रकार अमृता शेरगिलचं 'तीन मुली' दाखवलं होतं. 1935 चं चित्र, तेव्हा ती फक्त 22 वर्षांची! तिघी बसल्यात, नजरा खाली, कुणी कुणाकडे बघत नाही, आणि तरी पुढे काय वाढून ठेवलंय ते तिघींना कळलंय असं वाटतं. 1937 ला बॉम्बे आर्ट सोसायटीनं ह्याच चित्राला सुवर्णपदक दिलं, म्हणजे आपल्याच मुंबईनं. मूळ चित्र दिल्लीला, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. आमच्या पोरी ते मोबाईलवर बघतात, बोटानं झूम करून. तेलरंगाचा थर असा कळतो का साहेब?

2023 मधे शेरगिलचं एक चित्र 61.8 कोटींना गेलं तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला. आणि जिवंत पोरीच्या चित्राला एक भिंत मिळत नाही. निवडणूक आली की कलादालनाचं आश्वासन, नंतर फाईल कुठे जाते देव जाणे. शेजारी सातारा जिल्ह्यात औंधला बघा, संस्थान केवढंसं, पण तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, 1938 ला संग्रहालय उभं केलं, तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, इंग्लंडच्या हेन्री मूर ह्या शिल्पकाराचं शिल्प आहे. राजाला जमलं ते लोकशाहीला का जमू नये? शाळेतसुद्धा चित्रकलेचा तास म्हणजे गणितवाल्या सरांचा पोर्शन भरून काढायचा तास, पालकही काही बोलत नाहीत, आणि मग आपणच म्हणायचं की मुलं मोबाईलमधे असतात.

भाड्याचे पैसे मला परत नकोत. प्रदर्शनाची नवी तारीख लेखी द्या, आणि ती कुणाच्याही वाढदिवसासाठी हलणार नाही असं त्यात लिहा. दिल्लीतली मूळ चित्रं फिरत्या प्रदर्शनातून सांगली-साताऱ्याला आणा. आणि त्या मुलीला तिचं चित्र भिंतीवरून कुणी काढून टाकलं त्याचं नाव कळलं पाहिजे.

आपली,
सांगलीतली एक चित्रकला शिक्षिका