पिल्लं मोजतो, मग वाळूचं तापमान का नाही?

महोदय,

फेब्रुवारी-मार्च आला की कोकणातल्या कासव महोत्सवांच्या बातम्या येतात आणि यंदा किती पिल्लं समुद्रात गेली, याचे आकडे छापले जातात. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी मीही पहाटे कासविणीचा माग काढत किनाऱ्याने फिरते. हॅचरीतली, म्हणजे कासवाची अंडी सुरक्षित पुरून ठेवतात त्या कुंपणातली, टोपली उचलल्यावर वाळूत वळवळणारी पिल्लं पाहून होणारा आनंद मला ठाऊक आहे.

पण ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. साधारण २९ ते ३१ अंशांच्या दरम्यान दोन्ही निपजतात. ऊब त्याहून वाढली की माद्याच माद्या, आणि पस्तिशीच्या आसपास टिकून राहिली तर अंडीच दगावतात. बाहेरून बघून पिल्लू नर की मादी हे कळत नाही. ते वयात यायला दहा-पंधरा वर्षं जातात. म्हणजे आजचा बिघाड आपल्याला २०४० च्या सुमारास दिसणार!

ही नुसती शंका नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या लहान कासवांमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या. आपल्याकडे उशिरा घातलेली घरटी मार्च-एप्रिलच्या काहिलीत सापडतात. माझी काळजी त्यांचीच आहे.

वनविभागाला विनंती, की वेळासपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक हॅचरीत अंड्यांच्या खोलीवर, म्हणजे दीडेक फुटावर, तापमान नोंदवणारं यंत्र बसवावं आणि उशिराच्या घरट्यांवर सावलीची जाळी घालावी. खर्च फार नाही. गावातली मुलं नोंदी आनंदाने ठेवतील.

अर्थात ही जाळी हॅचरीपुरतीच. गुहागरहून २०२३ मध्ये उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. तेवढ्या पाण्याला कोण सावली करणार? कोळसा आणि तेल जाळून हवेत अडकलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रानेच पोटात घेतली आहे. किनाऱ्यावर आम्ही कितीही राबलो तरी ते जाळणं कमी होत नाही तोवर आमचं काम अपुरंच राहणार.

आपल्या वार्ताहरांनाही सांगणं आहे: पुढच्या हंगामात पिल्लांच्या आकड्याबरोबर त्या घरट्याचं तापमानही विचारा आणि छापा.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. दापोली, जि. रत्नागिरी